आधी कोकणच्या हवेत वर्षभर चालवून दाखवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कोकणातल्या खाड्यांमध्ये हायड्रोजनवर चालणाऱ्या फेरीबोटी सोडाव्यात, असा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत आला होता. पंधरा दिवसांनी त्यावर एका वाचकाचं पत्र छापून आलं. कोकणची हवा दमट, इथे हायड्रोजनपासून वीज करणारा फ्युएल सेल टिकायचाच नाही, सरकारचा पैसा वाया जाईल, असं त्यात म्हटलं होतं. लेख वाचून मला आनंद झाला होता. पत्र वाचल्यावर मात्र रात्री झोप लागेना. अगदी हेच वाक्य मी पूर्वी एका साहेबांच्या तोंडून ऐकलं आहे, माझ्यासमोर उभं राहून बोललेलं. ते तेव्हाही चूक होतं आणि त्या चुकीपायी एक चांगलं यंत्र आमच्या किनाऱ्यावरून कायमचं गेलं.

मी गुहागर तालुक्यातला. रत्नागिरीच्या आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन झालो आणि निवृत्त होईपर्यंत मोबाइल टॉवरच्या देखभालीचं काम केलं. वीज गेली की टॉवर चालू ठेवायचा, एवढंच ते काम. पण जूनमध्ये कोकणात वीज किती वेळा जाते हे इथल्या माणसाला सांगायला नको. २०१३ च्या शिमग्यानंतर माझ्याकडच्या एका टॉवरवर डिझेल जनरेटरच्या जोडीला फ्युएल सेलचं कपाट बसवलं गेलं. टॉवर कड्यावर, खाली समुद्र. ज्यांनी बसवलं त्यांचं नाव मी लिहीत नाही, त्यांचा हेतू चांगला होता. डिझेल चोरीला जायचं, जनरेटरच्या आवाजाने शेजारच्या वाडीतल्या म्हाताऱ्यांना झोप लागायची नाही. या कपाटातून मात्र पंख्याची घरघर आणि खालच्या नळीतून थेंब थेंब पाणी, इतकंच यायचं. एक किलो हायड्रोजन वापरला की नऊ किलो पाणी तयार होतं. पहिल्या दिवशी वाडीतली पोरं ते पाणी बघायला जमली होती. मीही त्यांच्यातलाच एक होतो.

फ्युएल सेल म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. १८३९ साली विल्यम ग्रोव्ह यांनी प्लॅटिनमच्या पट्ट्या आम्लात ठेवून, एकीला हायड्रोजन आणि दुसरीला ऑक्सिजन देऊन वीज मिळवली. आजच्या सेलमध्ये आम्लाच्या जागी केसापेक्षाही पातळ असा पडदा असतो, मेम्ब्रेन म्हणतात तो. त्याच्या दोन्ही अंगांना कार्बनच्या भुकटीवर प्लॅटिनमचे बारीक कण बसवलेले असतात. एका बाजूने हायड्रोजन येतो, दुसऱ्या बाजूने साधी हवा. हायड्रोजनचा प्रोटॉन पडद्यातून पलीकडे जातो, इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेतून फिरून जातो, आणि ती आपली वीज. एका सेलमधून पुस्तकाप्रमाणे १.२३ व्होल्ट मिळायला हवेत. लोड दिल्यावर हातात पडतात ०.६ ते ०.७.

मधले व्होल्ट जातात कुठे, हे मी आयटीआयच्या पोरांना होडीच्या उदाहरणाने सांगायचो. पुळणीवर ओढून ठेवलेली होडी पाण्यात ढकलताना पहिला जोर जबर लागतो. प्लॅटिनमवर क्रिया सुरू करायलाही तसाच सुरुवातीचा दाब खर्ची पडतो. मग वल्हवायला लागलं की जितका वेग तितका पाण्याचा विरोध. तो पडद्याचा आणि सेलांच्या मधल्या पत्र्यांचा रोध. आणि फारच जोरात वल्हवलं की दम लागतो, हवा पुरत नाही. सेललाही जास्त करंट मागितला की ऑक्सिजन वेळेत आतपर्यंत पोचत नाही आणि व्होल्टेज कोसळतं. सेल जुना झाला, आजारी पडला म्हणजे या तिन्हींपैकी काहीतरी वाढलेलं असतं. कुठलं वाढलं ते ओळखणं हेच खरं कारागिराचं काम.

आमच्या कपाटात साठ सेलचा स्टॅक होता, म्हणजे एकाला एक लावून रचलेली चळत. मी पहिल्या दिवसापासून वही ठेवली. ठरावीक लोडला, ठरावीक वेळ चालल्यावर मल्टिमीटर लावून आकडा लिहायचा. एप्रिल-मे महिन्यात तो ४२ व्होल्टच्या आसपास असायचा, म्हणजे दर सेलला ०.७. जूनची पहिली झड येऊन गेल्यावर ४१. नारळी पौर्णिमेला ३९. दसऱ्याला ३७. लोड तोच, हायड्रोजन तोच.

पाच व्होल्टचं काय एवढं, असं कुणी म्हणेल. एक किलो हायड्रोजनमध्ये ३३ युनिटहून थोडी जास्त ऊर्जा असते. सेल ०.७ व्होल्टला चालत असेल तर त्यातली साधारण साडेअठरा युनिट वीज म्हणून मिळते, ०.६२ ला चालत असेल तर साडेसोळा. आणि तो हायड्रोजन कसा यायचा? सात घनमीटरच्या लोखंडी सिलिंडरमधून, कुंभार्ली घाट उतरून. पन्नास-साठ किलोचं लोखंड उचलायचं आणि आत गॅस जेमतेम अर्ध्या किलोच्या वर. ती सिलिंडरं कड्यावरच्या पायवाटेने खांद्यावरून चढवणाऱ्या दोघा भावांना मी ओळखतो. प्रत्येक किलोमागे दोन युनिट वाया जाणं म्हणजे काय, हे त्यांच्या खांद्यांना विचारावं.

ऑक्टोबरात साहेब आले. लॅपटॉप जोडला, आकडे पाहिले आणि म्हणाले, "इथली हवाच दमट आहे. सेलमध्ये पाणी भरतंय." महिन्याभरात कपाट उचलून नेलं. अहवालात तेच गेलं असणार.

आता दमटपणाचंच बघू, कारण आपल्या पत्रलेखकांचा आक्षेपही तोच आहे. सेलमध्ये पाणी साचतं आणि ऑक्सिजनची वाट अडते, हे खरं आहे. पण मेम्ब्रेनला ओलावा लागतोच. ती सुकली तर प्रोटॉन पुढे सरकत नाहीत. कोरड्या मुलखात मुद्दाम हवा ओली करून आत सोडावी लागते. आमच्याकडे श्रावणात २८ अंशाला हवा पाण्याने गच्च भरलेली असते हे कबूल. पण तीच हवा सेलमध्ये ६५ अंशांपर्यंत तापली की तिची सापेक्ष आर्द्रता १५ टक्क्यांच्या आसपास येते. म्हणजे आपल्याला चिंब वाटणारी हवा सेलच्या दृष्टीने अजून तहानलेलीच असते. नुसत्या दमटपणाने साठच्या साठ सेल महिन्यागणिक असे उतरत जात नाहीत. पाणी भरलं तर व्होल्टेज खालीवर नाचतं, दोनचार सेल एकदम पडतात, जोरात हवा मारली की पुन्हा वर येतात. माझ्या वहीतली उतरण संथ होती आणि सगळ्या सेलना सारखी होती.

साहेब जायच्या आदल्या दिवशी मी हवेचा फिल्टर काढून पाहिला होता. नमद्यासारखा फिल्टर, बाहेरून मिठाने पांढरट. बोट लावून चाखलं, खारट. पण मला धक्का बसला तो आतल्या बाजूने. आतली बाजूही खारट होती. मीठ फिल्टर ओलांडून गेलं होतं.

कसं गेलं, ते मला घरी कळलं. आमच्याकडे पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं. आई बरणीत तांदळाची पुरचुंडी ठेवायची. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. उन्हाळ्यात फिल्टरवर अडकलेलं कोरडं मीठ मृगाच्या पावसात असंच पाझरलं आणि पंख्याच्या ओढीने पलीकडे गेलं. तेव्हा दमट हवेचा दोष म्हणायचा तर इतकाच, की तिने मिठाला दार उघडून दिलं. फिल्टर निवडताना हे लक्षात घेतलं असतं, आधी थेंब गाळणारी जाळी आणि मग फिल्टर असा क्रम ठेवला असता, तर ते दार उघडलंच नसतं.

मीठ आत गेल्यावर काय करतं, हे खारबंदिस्तीच्या गावातल्या शेतकऱ्याला एका वाक्यात समजेल. बांध फुटून भरतीचं पाणी खाचरात शिरलं की पाणी ओसरतं, पण मातीत मुरलेलं मीठ राहतं. पुढचे दोन-तीन पावसाळे भात धड येत नाही. मेम्ब्रेनमध्ये प्रोटॉनला पुढे सरकायला आम्लाच्या जागा असतात. सोडियम त्या जागा धरून बसतो आणि प्रोटॉनचा रस्ता अरुंद होतो. मिठातला क्लोराइड प्लॅटिनमला चिकटतो, वर प्लॅटिनम झिजवायलाही हातभार लावतो. प्रयोगशाळेत आम्लाने धुऊन सोडियम काढता येतो. कड्यावर कोण धुणार?

आणि मीठ एकटं नव्हतं. जनरेटरची धुराची नळी हवेच्या तोंडापासून आठ फुटांवर होती. वारा नैर्ऋत्येचा, म्हणजे धूर थेट आत. त्या वेळी गावाकडे मिळणाऱ्या डिझेलमध्ये दहा लाख भागांत ३५० भाग गंधक चालत असे. २०२० पासून ती मर्यादा १० भागांवर आली, हे फार चांगलं झालं. गंधकाचा धूर प्लॅटिनमवर बसला की एस्टीच्या सीटवर रुमाल टाकून बसलेल्या प्रवाशासारखा उठतच नाही. प्लॅटिनम असूनही ऑक्सिजनला जागा मिळत नाही. धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड त्यामानाने सौम्य. स्वच्छ हवा दिली की ते निघून जातात. मी नवा फिल्टर घालून, जनरेटर बंद ठेवून, एक दिवस सेल चालवला तेव्हा व्होल्टेज ३७ वरून साडेअडतीसवर आलं, तिथेच थांबलं. जे निघण्यासारखं होतं ते निघालं, बाकीचं मुरलेलं होतं. मिठाचा वाटा किती आणि गंधकाचा किती, ते स्टॅक उघडून पाहिल्याशिवाय सांगता आलं नसतं. मी तशी विनंती केली होती. स्टॅक उघडला गेला नाही.

हे सगळं मी जुनी मढी उकरायला लिहीत नाही. आता पुन्हा हायड्रोजनची हवा आहे. केंद्राने ४ जानेवारी २०२३ रोजी हरित हायड्रोजनचं राष्ट्रीय मिशन मंजूर केलं, १९,७४४ कोटींचं. कोचीन शिपयार्डने फ्युएल सेलवरची होडी बांधली, २८ फेब्रुवारी २०२४ रोजी तिचं उद्घाटन झालं, तिचा फ्युएल सेल पुण्याच्या केपीआयटी कंपनीचा आहे आणि ती होडी वाराणसीला दिली आहे. याचा मला मराठी माणूस म्हणून अभिमान वाटतो. २०२० मध्ये पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि केपीआयटी यांनी फ्युएल सेलवरची मोटार चालवून दाखवली. आमच्या अंबरनाथच्या नौदल सामग्री संशोधन प्रयोगशाळेने पाणबुडीसाठी फॉस्फोरिक आम्लाचा फ्युएल सेल घडवला. मार्च २०२१ मध्ये त्याचा जमिनीवरचा नमुना यशस्वी ठरला.

पण संपादक महाराज, या प्रत्येक ठिकाणी सेल श्वास कसला घेतो ते पाहा. पाणबुडीत तो टाकीतल्या ऑक्सिजनवर चालतो, बाहेरच्या हवेशी त्याचा संबंधच नाही. जेमिनी आणि अपोलो यानांतही शुद्ध ऑक्सिजनच होता. पुण्याच्या हवेत धूर आहे, पण मीठ नाही. गंगा गोड्या पाण्याची. म्हणून "तिथे चालतं, मग इथेही चालेल" हे मला पटत नाही, आणि "इथे चालणारच नाही" हेही पटत नाही. नॉर्वेत २०२३ पासून हायड्रा नावाची फेरीबोट हायड्रोजनवर चालते, सॅन फ्रान्सिस्कोच्या आखातात २०२४ मध्ये सी चेंज नावाची चालली. तिथलाही समुद्र खाराच आहे. गाळण नीट केली तर मीठ अडवता येतं.

आमच्या बंदरांची हवा मात्र नुसती खारी नाही. हर्णै, मिरकरवाडा, कुठल्याही बंदरावर पहाटे उभं राहून पाहा. शंभर होड्यांची इंजिनं एकदम सुरू होतात. बर्फाचे कारखाने अमोनियावर चालतात. कधी गळती झाली की डोळे चुरचुरतात. उरलेली मासळी कुजते, सुकट वाळते, त्यातूनही अमोनियाच्या जातीचे वायू आणि गंधकाचे वायू निघतात. अमोनिया सोडियमसारखाच मेम्ब्रेनच्या आम्लाच्या जागा धरतो. वाहनांना द्यायच्या हायड्रोजनसाठी आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ १४६८७: शुद्धता ९९.९७ टक्के, दहा लाख भागांत अमोनिया ०.१ भागाहून जास्त नको, कार्बन मोनॉक्साइड ०.२ हून जास्त नको, गंधक तर ०.००४ हून जास्त नको. इंधन इतकं गाळून घ्यायचं आणि दुसऱ्या नळीतून जेटीवरची हवा तशीच आत ओढायची, याला काय अर्थ? नुसता धुळीचा फिल्टर वायू अडवत नाही. त्यासाठी रसायन लावलेल्या कोळशाचा थर लागतो आणि तो भरला की बदलावा लागतो. किती दिवसांनी बदलायचा, हे त्या त्या जेटीवर मोजल्याशिवाय कुणीही सांगू शकणार नाही.

उष्णतेचाही प्रश्न आहे. डिझेल इंजिन इंधनाच्या उष्णतेचा जवळपास तिसरा हिस्सा धुरातून बाहेर टाकतं. फ्युएल सेलला ती सोय नाही. बहुतेक सगळी उष्णता पाण्यातून काढावी लागते, आणि सेलचं तापमान ऐंशीच्या आतच ठेवायचं असतं. होडीत समुद्राच्या पाण्याने थंड करणं सोपं, पण आत फिरणारं पाणी क्षारमुक्त लागतं. थंड करणाऱ्या कॉइलला बारीक भोक पडून खारं पाणी आत शिरलं तर साठ सेलमध्ये वीज वाट्टेल तिथून फिरेल. खलाशांना विचारा, कॉइल किती दिवसांत कुजते ते.

शिवाय फेरीबोटीचं काम धसमुसळं. दाभोळ ते धोपावे असा पल्ला छोटा. निघाली, जोर लावला, लगेच मागे रेटून जेटीला लागली, गाड्या उतरेस्तोवर रिकामी उभी. सेलला सारखा चालू-बंद सोसत नाही. बंद असताना हायड्रोजनच्या बाजूला हवा झिरपते, आणि पुन्हा सुरू करताना पलीकडच्या बाजूला प्लॅटिनम धरून ठेवणारा कार्बनच झिजतो. म्हणून जोडीला चांगली मोठी बॅटरी हवी: धक्के बॅटरीने घ्यावेत आणि सेलने मागे एका चालीने ती भरत राहावी.

तेव्हा माझी मागणी साधी आहे. बोट विकत घेण्याआधी एक लहान स्टॅक कोकणातल्या खऱ्याखुऱ्या जेटीवर ठेवावा. एका शिमग्यापासून पुढच्या शिमग्यापर्यंत, मधला पूर्ण पावसाळा धरून. त्याच्या शेजारी हवेतलं मीठ, गंधक, अमोनिया मोजणारी यंत्रं असावीत. दर आठवड्याचा व्होल्टेजचा आकडा लोकांना वाचता येईल असा जेटीवर फळ्यावर लिहावा. वर्षाच्या शेवटी स्टॅक उघडावा आणि आत काय सापडलं ते मराठीत छापावं. पुणे आणि अंबरनाथ इथे हे करू शकणारी माणसं आहेत, आणि अंबरनाथहून गुहागरला यायला एक रात्र पुरते. आयटीआयच्या दोन-चार मुलांना त्या कामावर घ्यावं. हायड्रोजनची गळती नाकाला कळत नाही, ज्योत दिवसा दिसत नाही. ही शिस्त मुलांनी बोटी यायच्या आधीच अंगी बाणवलेली बरी. निविदेत नुसतं "इतक्या किलोवॅटचा फ्युएल सेल" असं न लिहिता, कोकणच्या हवेत इतक्या तासांनी इतकं व्होल्टेज राहिलंच पाहिजे, असं लिहावं.

माझी २०१३ ची वही अजून आहे. मुखपृष्ठाला वाळवी लागली, आतले आकडे शाबूत आहेत. ज्या कुणावर हे काम सोपवलं जाईल त्याला मी ती आनंदाने देईन, आणि गुडघे चालताहेत तोवर जेटीवर स्वतः येईन. येऊन पहिल्यांदा हवेच्या नळीचं तोंड कुठल्या दिशेला केलंय ते बघणार आहे.

आपला,
एक निवृत्त टॉवर तंत्रज्ञ
ता. गुहागर, जि. रत्नागिरी